घरच्या शेडमधला जुना ट्रक: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

केजजवळच्या आमच्या शेतात कडुलिंबाखाली पत्र्याचं शेड आहे, त्यात १९७७ सालचा टाटा १२१० उभा असतो. आबांनी त्याच्यावर वीस हंगाम ऊस ओढला. आबांच्या माघारी गाडी माझ्याकडे आली आणि मी ती विकली नाही, हे कळल्यापासून लातूर, परभणी, हिंगोलीकडून लोकांचे फोन येतात. कुणाच्या वाड्यामागे लेलँडचा कॉमेट उभा आहे, कुणाच्या शेतात मर्सिडीजचा तारा असलेला टाटा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते एकदा नीट लिहून काढले. सोपे आधी आहेत, गुंत्याचे शेवटी.

१. वडिलांचा ट्रक नऊ वर्षं उभा आहे. बॅटरी नवी आणली आहे. सेल्फ मारू का?

थांबा. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडायची.

आधी एअर क्लीनर आणि तिथून इंजिनात जाणारा पाईप खोला. आमच्या गाडीच्या त्या पाईपात उंदरांनी वाटीभर ज्वारी साठवली होती. तशीच सेल्फ मारली असती तर ज्वारी सरळ सिलिंडरमध्ये गेली असती. बोनेट उघडताना, सीट उचलताना हात घालण्याआधी काठीने चाचपा. उंदीर आहे तिथे साप येतो.

मग जुनं डिझेल आणि जुनं ऑइल काढून टाका. टाकीच्या तळाला काळा चिकट गाळ असतो, तो डिझेलनेच दोन-तीनदा खंगाळावा लागतो. फिल्टर नवे टाका. सगळे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा आणि प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावा आणि इंजिन हाताने फिरवा. नोझल काढलेले असल्याने कॉम्प्रेशन नसतं, त्यामुळे निरोगी इंजिन जड पण सलग फिरतं. अडलं तर पान्याला पाईप लावून जोर करू नका. पुन्हा ऑइल सोडा, दोन दिवस थांबा. आमचं इंजिन तिसऱ्या दिवशी सुटलं. एक बारीक ‘कट’ असा आवाज आला आणि पाना पुढे सरकला. तो आवाज मी विसरणार नाही.

मोकळं फिरलं की नोझल बसवा, नवं ऑइल-पाणी भरा, बॅटरी जोडा. इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढून धरूनच सेल्फ मारा, म्हणजे डिझेल जाणार नाही. दहा सेकंद फिरवा, मिनिटभर थांबा, पुन्हा फिरवा. ऑइलच्या मीटरचा काटा हलला की मगच दांडी सोडायची. नऊ वर्षं कोरड्या पडलेल्या बेअरिंगला ऑइल मिळण्याआधी इंजिनने पेट घेतला तर कमावलेलं सगळं एका मिनिटात जातं. चालू होत नसेल तर प्रश्न ६ पाहा. आणि इंजिन चालू झालं म्हणून गाडी रस्त्यावर काढू नका, आधी प्रश्न १२ वाचा.

२. १२१० म्हणजे नेमकं काय? आमच्या गाडीत कोणतं इंजिन आहे, कसं ओळखू?

टाटांच्या त्या काळच्या नावांत पहिले दोन आकडे भारासह एकूण वजनाचे, टनांत. शेवटचे दोन ताकदीचे, दहाने गुणायचे. म्हणजे १२ टन आणि १०० हॉर्सपॉवरच्या आसपास. १६१३ म्हणजे १६ टन, १३०.

तारा पाहून गाडीचं वय कळतं. टेल्को (टाटा मोटर्सचं जुनं नाव) आणि मर्सिडीजवाली डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा, तो १९६९ मध्ये संपला आणि ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला. पण जाळी बदललेली असू शकते, म्हणून फक्त ताऱ्यावर जाऊ नका.

इंजिन मात्र नंबर पाहूनच ठरवा. ६९२ हे ९२ मिलिमीटर बोअरचं (बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास), ४७८८ सीसी. ६९७ हे ९७ मिलिमीटर बोअरचं, ५६७५ सीसी. दोन्ही सहा सिलिंडरची. पन्नास वर्षांत इंजिन बदललेलंही असतं, त्यामुळे आरसी बुक एक सांगतं आणि बोनेटखाली दुसरंच निघतं. पिस्टन, रिंगा, गॅस्केट घेण्याआधी ब्लॉकवरचा नंबर घासून, पुसून वाचा.

३. घरी काम करायला कोणती हत्यारं लागतील?

रिंग पान्यांचा पूर्ण सेट, जाड सॉकेट, टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना), फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), ग्रीस गन, मोठा हातोडा आणि तांब्याचा किंवा पितळेचा एक ठोकणा. जॅक भारी आणि चांगला. हेडचे बोल्ट अंदाजाने आवळणारे मिस्त्री मी पाहिलेत आणि तीन महिन्यांत फुटलेलं गॅस्केटही पाहिलंय. टॉर्क रेंचवर पैसे वाचवू नका. आणि तुमच्या मॉडेलचं जुनं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. व्हॉल्व्हची फट किती, कुठला बोल्ट किती आवळायचा, हे आकडे कुणाच्या तोंडून घेऊ नका, माझ्याही नाही.

४. आमच्याकडे काळी जमीन आहे. जॅक खचतो. काय करू?

काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पण भेगा खाली हातभर गेलेल्या असतात. पावसाळ्यात तर जॅक लोण्यात जावा तसा जातो. एकदा मागचं चाक काढलेलं असताना आमचा जॅक तिरका होत गेला. कुणी खाली नव्हतं, गाडी ड्रमवर बसली. तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या.

पहिली, शेडमध्ये गाडीपुरता काँक्रीटचा पट्टा ओतला. ते जमत नसेल तर मुरूम टाकून चोपा आणि वर रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरसारखे जाड ओंडके आडवे-उभे रचून जॅक त्यावर ठेवा. दुसरी, जॅक फक्त उचलायला. उचलल्यावर ॲक्सलखाली स्टँड किंवा ओंडक्यांची चौकट लावायची आणि भार तिच्यावर सोडायचा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते सांगून फुटत नाहीत. न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. उचललेल्या गाडीखाली एकट्याने शिरू नका, हाकेच्या अंतरावर कुणीतरी असू द्या.

५. चाक खोलून पंक्चर घरीच काढलं तर?

चाक गाडीवरून उतरवा. टायर मात्र रिमवरून काढू नका, आणि घरी हवाही भरू नका.

या गाड्यांच्या रिमला ९.००-२० चा ट्यूबवाला टायर आणि त्याला धरून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग असते. रिंग खाचेत नीट बसली नसेल, गंजून झिजली असेल किंवा दुसऱ्या रिमची असेल तर हवा भरताना ती सुटते. सुटते म्हणजे तोफेच्या गोळ्यासारखी उडते. माणसं जागेवर गेलेली आहेत. चांगला टायरवाला लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून लांबून हवा भरतो. पिंजरा नसेल तर दुसरा टायरवाला शोधा.

चाक उतरवतानासुद्धा नटाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. मागे जोडचाक असेल तर दोन्हींची. नट सुटत नसेल तर स्टडचं टोक पाहा. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूला उलटे आटे असतात, आणि आपण सोडवतोय समजून आवळत बसतो.

६. गाडी एअर पकडते. सकाळी दहा-दहा मिनिटं सेल्फ मारावा लागतो.

एअर पकडते म्हणजे डिझेलच्या पाईपात हवा शिरते. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

एअर काढायची दिशा टाकीकडून इंजिनाकडे. टाकीत पुरेसं डिझेल ठेवा. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे ढिला करा आणि पंपाजवळच्या हातपंपाने डिझेल ओढा. आधी फेस येतो, मग तुटक बुडबुडे, मग काचेसारखी सलग धार. धार सुरू असतानाच स्क्रू आवळायचा. हातपंप थांबवून आवळला तर तेवढीच हवा परत आत. मग पंपावरच्या स्क्रूचं तसंच. शेवटी नोझलच्या पाईपांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की एकेक आवळा. तिथे बोट लावू नका. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, पण बोट जाऊ शकतं. असं झालं तर दुखो न दुखो, थेट दवाखाना.

आता खरं दुखणं. रोज एअर काढावी लागत असेल तर हवा कुठून तरी येते आहे, आणि ती बहुधा टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या भागातून. इथे पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे फट असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जागा कोरडी दिसते आणि माणूस फसतो. त्या भागात वीतभर पारदर्शक डिझेल पाईप तात्पुरता जोडून इंजिन चालू ठेवा. बुडबुडे डोळ्यांना दिसतात. पाईप एकेक जोड पुढे सरकवत गेलात की चोर सापडतो. आमच्याकडे तो टाकीतल्या उभ्या नळीला गंजून पडलेलं सुईएवढं भोक होता. टाकी अर्ध्याच्या खाली आली की गाडी त्रास द्यायची, भरली की शहाण्यासारखी वागायची.

तांब्याचे वायसर एकदा दबले की कडक होतात. नवे नसतील तर जुना वायसर गॅसच्या आचेवर लालभडक करून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं आणि पुन्हा बसतं.

७. आजचं डिझेल जुन्या पंपाला चालतं का? टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल मिसळावं का?

चालतं. १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंत उतरलं आहे. गंधक काढताना वंगणाचा गुण कमी होतो, तो रिफायनरीतच भरून काढतात, तशी प्रमाणकाची अट आहे. टू-टी ऑइलची गरज नाही. मात्र डिझेल बदलल्यावर पंपाची जुनी रबरी सीलं पाझरू लागल्याचं पाहिलं आहे. सीलं बदलली की थांबतं.

खरा शत्रू पाणी. उभ्या गाडीची टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत रात्रीच्या गारव्याने दव धरतं. फिल्टरखालचा ड्रेन महिन्यातून एकदा सोडा.

८. मायको कंपनीचा, नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप घरी खोलू का?

नाही. टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच न्या. काढण्याआधी फ्लँजवरच्या खुणा छिन्नीच्या बारीक रेघेने पक्क्या करा आणि मोबाईलवर फोटो काढा. डिझेल वाढवून देतो म्हणणाऱ्याला सील तोडू देऊ नका. धूर आणि उष्णता वाढते, हेड आणि पिस्टन त्याची किंमत भरतात.

९. रेडिएटरला बोअरचं पाणी घातलं तर चालतं का? सगळे तेच घालतात.

आपल्या भागात इंजिनं गरम होतात त्याचं निम्मं कारण हेच. खोल बोअरचं पाणी जड. पातेल्यात आठवडाभर उकळलं तर तळाला जो पांढरा थर बसतो, तोच सिलिंडरभोवतीच्या पोकळीत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मी आमचं हेड उतरवलं तेव्हा पाण्याची भोकं करंगळीऐवजी पेन्सिल जाईल एवढी उरली होती. मेच्या ४२-४३ अंशांत असं इंजिन घाट कसं चढणार?

डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट घाला. तेवढा खर्च नको असेल तर पावसाचं पाणी. पहिले दोन पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्या, तिसऱ्या पावसाचं पाणी कापडातून गाळून कॅनमध्ये भरा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याही वर्षी आमच्या रेडिएटरपुरते दोन कॅन शेडमध्ये होते. आबांची ती सवय मी मोडली नाही.

बसलेला थर काढायला संडास साफ करायचं ॲसिड ओतू नका, ते थराबरोबर धातूही खातं. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला लिंबूसत चालतं. लिटरमागे ५० ग्रॅमच्या अंदाजाने कोमट पाण्यात विरघळवा, तासभर ठेवा, काढा आणि पाणी नितळ येईपर्यंत खंगाळा. ॲल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर हे करू नका.

रस्त्यात उकळली तर झाकण लगेच उघडू नका आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. सावलीत अर्धा-पाऊण तास द्या.

१०. धूर काळा येतोय. कधी पांढराही येतो. काय बिघडलं?

काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी एअर क्लीनर, मग नोझल, मग पंप, याच क्रमाने. स्वस्त आधी तपासा. सकाळी पहिल्या दोन मिनिटांत पांढरा आला आणि गेला तर काळजी नाही. गरम झाल्यावरही डोळे चुरचुरवणारा पांढरा येत असेल तर कच्चं डिझेल बाहेर पडतंय: नोझल गळतोय, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागे आहे किंवा कॉम्प्रेशन गेलंय. रेडिएटरचं पाणीही घटत असेल तर गॅस्केटचा संशय घ्या. निळा म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्ह गाइड, किंवा एअर क्लीनरमध्ये जास्त भरलेलं ऑइल (पुढचा प्रश्न).

११. ऑइल कोणतं, कधी बदलू? आणि ऑइल आपोआप वाढलं, हे काय?

इंजिनला डिझेलचं १५डब्ल्यू-४० चालतं. घरची गाडी कमी फिरते, म्हणून किलोमीटर मोजू नका. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर बदला. जुन्या गाडीतला एअर क्लीनर ऑइलच्या वाटीचा असतो. कापूस आणि तुरीच्या हंगामात धुरळा एवढा असतो की वाटीत पंधरवड्यात चिखल होतो. तो काढून खुणेपर्यंतच ऑइल भरा. खुणेच्या वर गेलं तर इंजिन ते ओढून घेतं, आणि मग कमी-जास्त धुरावर भागत नाही, इंजिन पळतं. म्हणजे त्या ऑइलवरच वेड्यासारखी रेस घेतं आणि स्टॉपची दांडी ओढूनही थांबत नाही. तेव्हा जाड फळी एअर इनटेकवर दाबून हवा तोडायची. हात किंवा फडका नव्हे, तो आत ओढला जातो. गाडी उभी आणि ब्रेक भरवशाचा असेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडूनही ती बंद पाडता येते. मी शेडमध्ये बोनेटजवळ फळी टांगूनच ठेवली आहे.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका. दोन थेंब बोटावर घ्या. पातळ आणि डिझेलचा वास असेल तर फीड पंपातून किंवा पंपाच्या सीलातून डिझेल उतरतंय. ताकासारखं फेसाळ पांढरट असेल तर पाणी. दोन्हींत इंजिन चालवू नका.

१२. ब्रेक लागतात, पण गाडी एका बाजूला ओढते. घरी काय करता येईल?

गाडी पहिल्यांदा फाट्यापर्यंत नेली तेव्हा पहिल्याच ब्रेकला ती डावीकडे बाभळीत ओढली गेली. उजव्या पुढच्या चाकाचा व्हील सिलिंडर गंजून जाम झाला होता, सगळा ब्रेक डाव्याच चाकाला लागत होता. तेव्हापासून कुठलीही उभी गाडी निघण्याआधी चारही ड्रम उघडायचे, हा माझा नियम.

तुमच्या गाडीत ब्रेक ऑइलचे आहेत, हवेचे, की हवेच्या मदतीने चालणारे ऑइलचे, हे आधी पाहा. ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट-३ घाला आणि दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि आतून गंज धरतो. त्यात चुकूनही इंजिन ऑइल मिसळू नका. सगळी रबरं फुगतात आणि ब्रेक सुटत नाहीत. हवेच्या टाक्यांतलं पाणी प्रत्येक फेरीनंतर सोडा.

ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, फडका पिशवीत बांधून टाका. पोरांना त्या वेळी शेडमध्ये येऊ देऊ नका.

नवे लायनर बसवल्यावर आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर तपासा. मांजरसुंबा किंवा कन्नडचा घाट त्यानंतर. आणि जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

१३. ग्रीस कुठे कुठे मारायचं?

किंगपिन, शॅकल पिन, टायरॉडची टोकं, जॉइंटचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, क्लच-ब्रेकच्या दांड्या. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. निप्पल घेत नसेल तर बदला, सोडून देऊ नका. चिखलातून आल्यावर पुन्हा मारा. पाट्यांच्या पानांमध्ये गंज दिसला तर गाडी उचलून पानं मोकळी करा.

१४. बॅटरी चांगली आहे, तरी सेल्फ उचलत नाही.

दहापैकी सात वेळा अर्थिंग. बॅटरीपासून चासीला आणि चासीपासून इंजिनाला जाणारी वायर काढा, खालचा रंग-गंज घासून चकचकीत धातू दिसू द्या, आवळा, वर ग्रीस लावा. गाडी १२ व्होल्टची आहे की दोन बॅटऱ्या जोडून २४ ची, हे मोटारच्या प्लेटवर पाहा. २४ व्होल्टच्या गाडीवरून कारला जंप देऊ नका. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जळतात. आणि ‘टाकी रिकामी आहे’ या भरवशावर तिच्याजवळ वेल्डिंग करू नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेटते.

१५. पार्ट मिळत नाहीत म्हणतात. मग?

दुकानात जाऊन ‘१२१० चं बेअरिंग द्या’ म्हणाल तर नाहीच मिळणार. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो सांगा. ऑइल सीलचं आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगा. सील ट्रकचं की पिठाच्या गिरणीचं, त्याला फरक पडत नाही. बुश, पिन, शाफ्ट चांगल्या लेथवाल्याकडे बनतात. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे पार्ट मात्र भंगारातून घेऊ नका. जुना पार्ट कधी टाकू नका, नवा मिळाला तरी नमुना म्हणून जपा.

१६. ट्रक ५० वर्षांचा होतोय. विंटेज म्हणून नोंदणी होते का?

२०२१ मध्ये केंद्राने केलेले विंटेज नोंदणीचे नियम ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी कारसाठी आहेत. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण या भागाचा कापूस आणि ऊस कारनी नाही, ट्रकांनी वाहिला.

म्हणजे ट्रक रस्त्यावर आणायचा तर माल वाहा वा न वाहा, तो मालवाहू वाहनच. आठ वर्षांवरच्या अशा वाहनाला दर वर्षी फिटनेस लागतो, शिवाय कर, पर्यावरण कर आणि विमा. गाडी उभीच ठेवणार असाल तर ती वापरात नसल्याचं आरटीओला आगाऊ लेखी कळवा आणि पोच जपा. वर्षांनुवर्षं न कळवता ठेवलेल्या गाडीवर कर चढत राहतो. दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेलचा निर्बंध त्याच परिसरापुरता आहे, आपल्याकडे लागू नाही.

१७. चासी नंबर गंजून दिसेनासा झालाय. पुन्हा कोरून घेऊ का?

स्वतः कोरू नका, कोरून घेऊही नका. हेतू कितीही साफ असला तरी तो गुन्हा ठरतो. ग्राइंडर दूर ठेवा. रॉकेलमध्ये भिजवलेला फडका रात्रभर बांधून ठेवा, सकाळी मऊ पितळी ब्रशने हलकेच घासा आणि तिरक्या उजेडात फोटो काढा. बहुतेक वेळा आकडे उठून दिसतात. नाहीच दिसले तर आरसी आणि जुने कागद घेऊन आरटीओत अर्ज करा, नंबर त्यांच्या परवानगीनेच टाकला जातो. त्या जागेजवळ कुणाला वेल्डिंगही करू देऊ नका.

१८. गाडी फक्त आठवण म्हणून ठेवायची आहे. आठवड्यातून पाच मिनिटं चालू केली तर पुरेल?

पाच मिनिटांनी उलट नुकसान. इंजिन पुरतं तापत नाही, जळताना तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं, नोझलवर काजळी धरते. गिअर, ब्रेक, चाकांची बेअरिंगं तर हललेलीच नसतात. चालू केली तर पाण्याचा काटा जागेवर येऊन पाऊण तास होईपर्यंत गाडी फिरू द्या. कागद नसतील तर स्वतःच्या शेतातच, बांधाच्या आतल्या वाटेने फिरवा. तेही जमत नसेल तर चालू करूच नका: ॲक्सलखाली स्टँड, बॅटरी काढलेली, सायलेन्सरच्या तोंडाला डबा, एअर इनटेकला जाळी, आणि महिन्यातून एकदा क्रँक हाताने दोन फेरे.

आमची गाडी महिन्याच्या पहिल्या रविवारी निघते. सकाळी आई शेडच्या दाराशी येऊन बसते. मी फाट्यापर्यंत जाऊन परत येतो, गाडी लिंबाखाली उभी करतो, हवेच्या टाकीतलं पाणी सोडतो. बोनेट थंड झालं की डिपस्टिक पाहून वहीत तारीख टाकतो.